१ लाखाच्या गेमिंग पीसीचं कोटेशन : काय ठेवू, काय काढू?

खानदेशी_पिक्सेल

मुक्काम जळगाव. बजेट १ लाख, त्यात मॉनिटर धरलेला नाही. तो आहे (२४ इंची, १०८०पी, १८० हर्ट्झ). गेम : व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५. कधीमधी ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर). दुकानातून मिळालेलं कोटेशन असं :

रायझन ७ ७७००एक्स
ए६२० बोर्ड
२४० एमएम लिक्विड कूलर
१६ जीबी डीडीआर५ रॅम, एकच स्टिक
आरटीएक्स ५०६० ८ जीबी (ग्राफिक कार्ड)
५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (कंपनी लिहिलेली नाही)
६५० वॉट एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा; कंपनी लिहिलेली नाही)
समोर काच असलेलं कॅबिनेट, ६ आरजीबी पंखे

दुकानदार म्हणतो, डीडीआर५ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनल (रॅमच्या दोन वाटा एकदम), दुसरी लागत नाही. खरं का? शिवाय घरात एक जुना ऑफिसचा डेस्कटॉप पडून आहे, त्यात ८+८ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम आहे. ती कामाला येईल का? लाइट जाते, घरात इन्व्हर्टर आहे. उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको.

---

सह्याद्री_६४बिट

कोटेशन दिसायला भारी आहे, पण पैसा नको तिथे गेलाय. गेमिंगच्या मशीनमध्ये एकूण खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग ग्राफिक कार्डावर जायला हवा. इथे तो प्रोसेसर, पाण्याचा कूलर आणि दिवे यांनी खाल्लाय.

७७००एक्स हा ८ कोअरचा, १०५ वॉटचा प्रोसेसर. बॉक्समध्ये कूलर येत नाही, म्हणून दुकानदाराला लिक्विड कूलर खपवायला वाव मिळाला. ५०६०सारख्या कार्डासोबत ७६०० (६ कोअर, ६५ वॉट, सोबत रेथ स्टेल्थ कूलर) लावला तर तुमच्या गेममध्ये फरक जेमतेम. तो कूलर जरा आवाज करतो, पण ७६००ला पुरतो. आवाज नको असेल तर साधा १२० एमएमचा टॉवर कूलर घ्या. लिक्विडमध्ये पंप असतो आणि पंप कधी ना कधी जातो. ६५ वॉटच्या चिपसाठी ती कटकट कशाला.

स्वस्त म्हणून ७५००एफ सुचवतील. चांगला आहे, पण त्यात ग्राफिक्स अजिबात नाही. कार्ड वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत मशीनवर काळा स्क्रीन. ७६००मध्ये दोन कोअरचं छोटं ग्राफिक्स आहे. गेम चालणार नाहीत, पण मशीन चालू राहतं आणि बिघाड कार्डात आहे की बोर्डात, हेही लगेच कळतं.

रॅमबद्दल दुकानदार चुकीचं सांगतोय. डीडीआर५च्या एका स्टिकमध्ये दोन उपचॅनल असतात हे खरं, पण ते प्रत्येकी ३२ बिटचे. बेरीज ६४ बिटच, म्हणजे डीडीआर४च्या एका स्टिकएवढीच रुंदी. ड्युअल चॅनल म्हणजे १२८ बिट, त्याला दोन स्टिक लागतातच. एकाच स्टिकवर सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तर पडतातच, पण जास्त जाणवतात ते मधले झटके. आणि डीडीआर५मध्ये ८+८ घेऊ नका : ८ जीबीच्या स्टिकवर १६ बिट रुंदीच्या थोड्या चिप असतात, बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) निम्मे होतात, त्यामुळे ती १६ जीबीच्या स्टिकपेक्षा हळू चालते. घ्यायची तर १६+१६, ६०००चा वेग, सीएल३० (लेटन्सी म्हणजे प्रतिसादाचा उशीर, कमी तितका बरा), एक्सपोवाली (एएमडी बोर्डावर तो वेग एका सेटिंगने लावणारी). चार स्टिकचा विचार तर सोडूनच द्या. एएम५वर (या रायझनच्या सॉकेटवर) चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६००वर येतो.

आता कार्ड. १०८०पीवर आज ८ जीबी काठावर आहे. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) चालू केलं, टेक्स्चर वर नेले की मेमरी भरते आणि उरलेला माल पीसीआय स्लॉटमधून मुख्य रॅमकडे ये-जा करायला लागतो. तेव्हा एफपीएसचा आकडा ठीक दिसतो, पण गेम अडखळतो, नाहीतर टेक्स्चर मेणचट दिसतात. म्हणून आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. सावध : याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे. बॉक्सवरचा आणि बिलावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्लेंडर खरंच वरचेवर वापरणार असाल तर आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, कारण सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करायची सोय) बरंच पुढे आहे. पण ते 'कधीमधी' असेल तर त्यापायी जादा पैसे टाकू नका.

एसएसडी १ टीबी, जेन ४ (पीसीआयची चौथी पिढी), टीएलसी (एका पेशीत ३ बिट). ५१२मध्ये विंडोज आणि दोन मोठे गेम टाकले की जागा संपली. क्यूएलसी (एका पेशीत ४ बिट) ड्राइव्हचा एसएलसी कॅश (वेगवान तात्पुरती जागा) भरला की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कसारखा होतो. स्वतःची डीरॅम (छोटी मेमरी) नसलेली चालेल, गेमसाठी फरक जाणवत नाही. नाव नसलेली मात्र नको.

---

जुनी_रॅम_नवा_बोर्ड

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त प्लॅटफॉर्मबद्दल नाही. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव कसे चढलेत ते बघताय ना. डेटा सेंटरवाले सगळी मेमरी ओढून घेतायत. अशा वेळी घरात १६ जीबी ड्युअल चॅनल डीडीआर४ पडलेली असताना १ लाखातला मोठा तुकडा १६+१६ डीडीआर५वर घालणं मला पटत नाही.

आधी एक गोष्ट तपासा. ऑफिसचं मशीन छोट्या डब्याचं असेल तर त्यात लॅपटॉपची रॅम (एसओडिम) असते, ती डेस्कटॉप बोर्डात बसत नाही. पट्टी लावून मोजा. साधारण १३ सेंटिमीटर लांब असेल तर कामाची, ७च्या आसपास असेल तर विसरा.

कामाची निघाली तर : आय५-१२४००, बी७६० डी४ बोर्ड. बोर्डाच्या नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' असल्याशिवाय घेऊ नका. बी७६० दोन्ही प्रकारात येतो आणि दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसणारच नाही. १२४०० म्हणजे ६ कोअर, १२ थ्रेड, सोबत कूलर. आणि 'एफ' नसलेला घ्या. त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, म्हणजे सह्याद्रींनी सांगितलेला काळ्या स्क्रीनचा प्रश्न इथेही सुटतो. डीडीआर४ ३२०० हा याचा अधिकृत वेग, त्यामुळे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही छेडायची गरज नाही. ऑफिसच्या रॅमची लेटन्सी सीएल२२ असते, गेमिंगवाल्या सीएल१६पेक्षा किंचित मागे. चालतं.

एच६१० बोर्ड आणखी स्वस्त पडेल, पण त्याचा एम.२ स्लॉट बहुतेक वेळा जेन ३च असतो आणि वीज देणारा भाग लंगडा. पुढे कधी मोठा प्रोसेसर टाकायचा झाला तर पस्तावाल.

'मग रायझन ५ ५६०० का नको' असं कुणी विचारेल. चालेल की. बी५५०वर जेन ४ मिळतो, रॅमही हीच. पण त्यात ग्राफिक्स नाही. आणि त्यासाठी कुणी ५६००जी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका : त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली मेमरी) ३२ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआय जेन ३. आरटीएक्स ५०६०सारखं आठच लेन (पीसीआयच्या वाटा) वापरणारं कार्ड जेन ३वर लावलं की मेमरी भरताना बसणारा फटका दुप्पट. ९०६० एक्सटी १६ लेनचं आहे, त्याला कमी लागतो.

या मार्गाने रॅमचा खर्च शून्य, बोर्ड-प्रोसेसर स्वस्त, आणि १६ जीबीचं कार्ड बजेटमध्ये आरामात बसतं. वाचलेले पैसे एसएमपीएस आणि यूपीएसवर घाला.

---

सह्याद्री_६४बिट

रॅम खरंच डेस्कटॉपची असेल तर मीही हेच सुचवेन. दोन गोष्टी जोडतो. हा रस्ता पुढे बंद आहे. १२४००च्या सॉकेटवर १४व्या पिढीनंतर काही आलं नाही, आणि एएम५ला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलंय. दुसरं, नंतर सेकंडहँड १३६००के किंवा १४६००के टाकलात तर आधी बायोस अद्ययावत करा. १३व्या-१४व्या पिढीच्या मोठ्या चिप जादा व्होल्टेजमुळे खराब होत होत्या, त्यावर इंटेलने मायक्रोकोड (बायोसमधून येणारी चिपची दुरुस्ती) दिलाय. खराब झालेली चिप त्याने सुधारत नाही, म्हणून घेताना वॉरंटी शिल्लक असलेलीच घ्या. १२४००ला तो आजार नाही.

---

अर्थिंग_आधी

सगळे चिपवर बोलतायत, विजेवर कुणीच नाही. जळगावात मशीन मरतं ते बहुतेक विजेने नाहीतर उन्हाने.

एसएमपीएस. '६५० वॉट' हा स्टिकर काही सांगत नाही. बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. खऱ्या ६५० वॉटच्या युनिटला तिथे ५४च्या आसपास आकडा असतो (६५० भागिले १२). १८-२० लिहिलं असेल तर ते २४० वॉटचं युनिट आहे, बाकी सगळी सजावट. त्याच लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट आहे का तेही बघा. २००-२४० असेल तर संध्याकाळी व्होल्टेज १७०वर आलं की मशीन बंद. पूर्ण रेंजचं युनिट असेल तर वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. उलट रिले असलेला स्टॅबिलायझर टप्पा बदलताना क्षणभर वीज तोडतो. ८० प्लस ब्राँझ की गोल्ड, हे फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. संरक्षण किती चांगलं, रिपल (व्होल्टेजमधली थरथर) किती, याच्याशी त्या बिल्ल्याचा संबंध नाही. म्हणून त्याच मॉडेलचे रिव्ह्यू वाचा आणि ५ वर्षं वॉरंटीवालं घ्या. तुमच्या मशीनला गेममध्ये ३३० वॉटच्या आसपास लागतील (कार्ड १६०, प्रोसेसर जास्तीत जास्त ११७, बाकी ५०). ५५० पुरेल, ६५० घेतलं तर पुढच्या कार्डाला जागा.

इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर पीसी रिस्टार्ट होतो, कारण एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' अशी कळ असते, ती 'यूपीएस'वर ठेवा, बदल लवकर होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर गेमिंग पीसी लावूच नका. स्वतंत्र यूपीएस घेणार असाल तर व्हीएवर जाऊ नका, वॉट बघा : ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट, मॉनिटर धरला की गेम चालू असताना ओव्हरलोडचा पीं-पीं. १००० ते ११०० व्हीए, ६०० वॉटचा घ्या. त्यावर गेम खेळत बसायचं नसतं, सेव्ह करून बंद करायचं असतं.

अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बिघाड पीसीत नाही, भिंतीत आहे. प्रत्येक एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर बॉडीवर अर्धं व्होल्टेज, साधारण ११५, तरंगत राहतं. करंट फार थोडा, पण ते यूएसबी आणि एचडीएमआयच्या पोर्टमधून वाट शोधतं आणि पोर्ट जाळतं. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या : फेज-अर्थ २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून 'झालं काम' म्हणतात. ते जीवघेणं आहे. न्यूट्रल कुठे तुटली की कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतात.

ऊन. खोलीचं तापमान १ अंशाने वाढलं की चिपचंही साधारण तेवढंच वाढतं. मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या खोलीत केलेल्या रिव्ह्यूच्या आकड्यात १५ मिळवा. समोर काच असलेलं कॅबिनेट म्हणून नको. समोर जाळी, तिथून आत ओढणारे दोन १२० एमएम पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. एवढं पुरतं. वर आणखी बाहेर फेकणारे भरले की आत हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक फटीतून धूळ शिरते. कार्डाची पॉवर लिमिट १० टक्के खाली आणा, एफपीएस नावाला कमी होतात, तापमान आणि आवाज चांगला उतरतो. खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बोअरच्या पाण्याचे तुषार सुकले की बोर्डावर क्षार उरतात.

---

खानदेशी_पिक्सेल

रॅम मोजली, १३ सेंटिमीटर. दुकानातल्या एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टसमोर २० अँपिअर निघाले! ते रद्द. म्हणजे आता : १२४००, बी७६० डी४, ९०६० एक्सटी १६ जीबी, १ टीबी टीएलसी, ६५० वॉट, जाळीचं कॅबिनेट. जुन्या मशीनला झिणझिण्या येतातच, वायरमनला बोलावतो.

जोडणी स्वतः करायची आहे. कुठे चुकतं ते सांगा. खरेदी ऑनलाइन की लॅमिंग्टन रोडला (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) जाऊन?

---

जुनी_रॅम_नवा_बोर्ड

लॅमिंग्टनला भाव चांगला मिळतो, पण जळगावहून जाण्यायेण्याचा खर्च आणि एखादा भाग मेलेला निघाला तर परतीची फेरी, हे धरा. कुठूनही घ्या, जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. ऑनलाइन असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ एकसलग, न तोडता. कार्ड घेताना कॅबिनेटमध्ये किती लांबीचं मावतं ते बघा. तीन पंख्यांची कार्डं ३०० एमएमच्या वर जातात.

जोडताना बोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच खोक्यावर ठेवा. आधी प्रोसेसर. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा, वरून सोडा, दाबू नका. सॉकेटवरचं काळं प्लास्टिक तसंच राहू द्या, पट्टी बंद करताना ते आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड पाठवताना मागतात. सॉकेटमधल्या पिनांना बोट लावायचं नाही.

रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या-दुसऱ्यात लावली तर मशीन चालू होईल, पण एकाच चॅनलवर. एसएसडी प्रोसेसरजवळच्या एम.२मध्ये, हीटसिंक असेल तर त्याच्या पॅडवरचं पातळ प्लास्टिक सोला.

इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. सगळ्यात जास्त चुका इथेच. समोरासमोरच्या दोन आधी दाबा, मग उरलेल्या दोन, आणि बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांची पांढरी टोकं पूर्ण बाहेर आली का बघा. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर तिरका बसतो आणि प्रोसेसर गेममध्ये १०० अंशांवर जाऊन वेग कमी करतो. पेस्ट कूलरला लावलेलीच असते, वर आणखी थापू नका.

कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या भोकांएवढेच पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे स्क्रू) ठेवा. भोक नसलेल्या जागी एक जास्तीचा राहिला तर मागून शॉर्ट होतो. प्रोसेसरची ८ पिन केबल (४+४) आणि कार्डाची ८ पिन (६+२) वेगळ्या आहेत. बसत नसेल तर जोर लावू नका. मॉड्युलर (केबल सुट्या होणारं) एसएमपीएस असेल तर जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या केबल चुकूनही वापरू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम बदलतो, आणि एसएसडीसकट सगळं जळतं.

मॉनिटरची केबल कार्डात. १२४००ला स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे बोर्डात लावली तरी चित्र येईल, गेम मात्र १५-२० एफपीएसवर रांगतील आणि तुम्ही कार्डाला शिव्या घालाल. चित्रच आलं नाही तर बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. डीरॅमवर अडकलं तर रॅम काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

---

सह्याद्री_६४बिट

व्हॅलोरंट आहे म्हणून शेवटचं. विंडोज ११वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय) दोन्ही लागतात, नाहीतर गेम सुरूच होत नाही. बायोसमध्ये इंटेल पीटीटी (इंटेलचं टीपीएम) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, मग सिक्युअर बूट. हे विंडोज टाकायच्या आधी करा. नंतर केलं आणि डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची निघाली तर मशीन बूट होणार नाही. मग विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी वापरून ती बदलावी लागते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा थेट ११च.

त्याच पानावर 'अबव्ह ४जी डिकोडिंग' आणि 'रिसायझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आहेत का बघा. रेडिऑनला (९०६० एक्सटी त्यातलंच) त्याचा चांगला फायदा होतो. मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १८० हर्ट्झ निवडा, ते आपोआप होत नाही. यादीत १८० दिसलं नाही तर एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्टची केबल लावा.

---

खानदेशी_पिक्सेल

१६ जीबी रॅम सायबरपंकला पुरेल ना? की आणखी ८+८ शोधू?

---

जुनी_रॅम_नवा_बोर्ड

पुरेल, ब्राउझरच्या चाळीस टॅब बंद ठेवल्या तर. आत्ता घेऊ नका. ब्लेंडरमध्ये सीन मोठे व्हायला लागले तरच, आणि तेव्हा ८+८ जोडण्यापेक्षा सेकंडहँड १६+१६ डीडीआर४ मिळते का बघा. घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा, एकही चूक आली तर त्याच दिवशी परत करा.